लॉगिन केलं आणि लगेच ‘सेशन संपलं’! डेटाबेसच्या घड्याळांचा घोळ

पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला, आत शिरलो, पहिलंच बटण दाबलं आणि स्क्रीनवर आलं, ‘तुमचं सेशन संपलं आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.’ पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग आपण इंटरनेटला शिव्या घालतो, ब्राउझर बंद करून उघडतो, कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून कुकीज पुसतो. कधी चालतं, कधी नाही.

याच्या उलटही घडतं, फक्त त्याचा कुणाला पत्ता लागत नाही. अर्ध्या तासानं आपोआप बंद व्हायला हवं ते खातं संध्याकाळपर्यंत उघडं राहतं. त्याबद्दल तक्रार कोण करणार? पुन्हा पासवर्ड टाकावा लागला नाही म्हणून कुणी हेल्पलाइनला फोन करत नाही.

या दोन्ही दुखण्यांचं एक नेहमीचं कारण सारखंच असतं. मुदत लिहिताना एक घड्याळ पाहिलेलं असतं आणि तपासताना दुसरं. यात भर अशी की माहिती साठवणारे वेगवेगळे डेटाबेस ‘वेळ’ या एकाच शब्दाचा आपापला अर्थ लावतात. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी हा घोळ कळण्यासारखा आहे.

## सेशन म्हणजे नेमकं काय

वेबसाइट मुळात विसराळू असते. तुम्ही एक पान मागितलं, तिनं दिलं, विषय संपला. पुढचं पान मागणारा तोच माणूस आहे हे तिला आपणहून कळत नाही. म्हणून लॉगिन झाल्यावर सर्व्हर ब्राउझरकडे एक लांबलचक, अंदाज बांधता येणार नाही असा क्रमांक देतो. ब्राउझर तो कुकीत जपतो आणि दर वेळी दाखवतो. सर्व्हरच्या बाजूला एका टेबलात त्या क्रमांकाची ओळ असते: हा क्रमांक, हा वापरकर्ता, ही मुदत.

पार्किंगची पावती डोळ्यांसमोर आणा. आत शिरताना पावतीवर वेळ छापली जाते, बाहेर पडताना दुसऱ्या दारावरचा माणूस ती वेळ पाहून हिशोब करतो. दोन्ही दारांवरची घड्याळं जुळलेली असतील तर कटकट नाही. बाहेरचं घड्याळ पाच तास पुढे असेल तर आत्ता आलेल्या गाडीलाही मुदत उलटल्याचा दंड होईल. मागे असेल तर गाड्या दिवसभर फुकट उभ्या राहतील आणि मालकाला कळणारही नाही.

सेशनच्या बाबतीत पहिल्या दारावर बऱ्याचदा ॲप्लिकेशन, म्हणजे वेबसाइट चालवणारा प्रोग्रॅम, उभं असतं आणि दुसऱ्यावर डेटाबेस.

## क्षण वेगळा, घड्याळातला आकडा वेगळा

पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे. ‘सव्वादहा वाजले’ हा आकडा आहे. तो पृथ्वीवर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वेळी दिसतो. ‘आत्ता’ हा क्षण आहे, तो सगळ्यांसाठी एकच. आकड्यासोबत ‘कुठल्या घड्याळात’ हे लिहिलं तरच त्याचा क्षण होतो.

जगभरच्या संगणकांनी यासाठी एक सामाईक घड्याळ मानलं आहे, त्याला यूटीसी म्हणतात. बाकीचे टाइमझोन त्याच्या इतके तास पुढे किंवा मागे असे सांगितले जातात. आणखी एक पद्धत म्हणजे १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले ते मोजायचं. याला युनिक्स वेळ म्हणतात. या मोजणीत टाइमझोनचा प्रश्नच येत नाही, कारण हा थेट क्षणाचा क्रमांक असतो.

डेटाबेसच्या कॉलममध्येही या दोनपैकीच काहीतरी बसतं, क्षण किंवा आकडा. कुठल्या कॉलममध्ये काय बसलंय हे त्याच्या नावावरून कळत नाही, तिथूनच त्रास सुरू होतो.

## एक ओळ जवळून पाहू

समजा ॲप्लिकेशन ज्या मशीनवर चालतंय तिचं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. तारीख १२ मार्च २०२४, सकाळचे १०:१५. सेशनची मुदत अर्धा तास. ॲप्लिकेशन आपल्या घड्याळात पाहून टेबलात लिहितं: ‘मुदत २०२४-०३-१२ १०:४५:००’. टाइमझोनचा उल्लेख नाही, नुसता आकडा.

डेटाबेसचं घड्याळ यूटीसीवर लावलेलं आहे. त्या क्षणी त्याच्याकडे वाजलेत ०४:४५. त्याला विचारलं, ‘ही मुदत उलटली का?’ तो १०:४५ आणि ०४:४५ यांची तुलना करतो आणि सांगतो, अजून सहा तास आहेत. अर्ध्या तासाचं सेशन सहा तासांचं झालं.

आता उलट करा. ॲप्लिकेशन शहाणपणानं यूटीसीत लिहितं, ‘मुदत ०५:१५’. डेटाबेसचं घड्याळ मात्र स्थानिक वेळेवर आहे, तिथे वाजलेत १०:१५. त्याच्या हिशोबानं हे सेशन जन्माला यायच्या आधीच पाच तास संपलेलं. वापरकर्ता पहिलं बटण दाबतो आणि बाहेर फेकला जातो.

दुसरी चूक पाच मिनिटांत पकडली जाते, कारण ऑफिसातला प्रत्येक जण ओरडतो. पहिली वर्षानुवर्षं राहू शकते. माझ्या मते धोकादायक तीच, कारण तिच्यात कुणाचं काही अडत नाही.

यूटीसीच्या मागे असलेल्या प्रदेशांत हीच दोन चित्रं उलटी दिसतात, म्हणजे जी चूक इथे सेशन लांबवते तीच तिकडे लॉगिन अशक्य करते. दोन देशांतल्या टीम एकाच कोडवर भांडताना ‘आमच्याकडे तर नीट चालतं’ म्हणतात ते यामुळेही असतं.

## ‘आत्ता किती वाजले?’ एक प्रश्न, पाच उत्तरं

इथे येणारे सगळे डेटाबेस एसक्यूएल ही डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा बोलतात, मग भाषा एकच ना? भाषा एक, बोली वेगळ्या. ‘करंट टाइमस्टॅम्प’ हा प्रमाण एसक्यूएलमधला शब्द घ्या. अर्थ सरळ, आत्ताची वेळ. आता तो पाच डेटाबेसांना विचारू.

एसक्यूलाइट यूटीसीतली वेळ देतो, आणि तीही मजकूर म्हणून. मायएसक्यूएल चालू कनेक्शनला जो टाइमझोन लावलेला असेल त्यातली वेळ देतो, सोबत टाइमझोन चिकटवत नाही. एसक्यूएल सर्व्हर ज्या मशीनवर चालतो तिची स्थानिक वेळ देतो, तीही टाइमझोनशिवाय. ओरॅकल कनेक्शनच्या टाइमझोनमधली वेळ टाइमझोनसकट देतो. त्याच्याकडे ‘सिसडेट’ नावाचा जुना, सगळ्यांच्या हाताशी असलेला पर्याय आहे, तो मात्र डेटाबेस सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं घड्याळ वाचतो. म्हणजे एकाच ओरॅकलमध्ये दोन ‘आत्ता’ वेगवेगळे असू शकतात.

पोस्टग्रेसची तऱ्हा आणखी निराळी. तो क्षणच देतो, पण ट्रान्झॅक्शन सुरू झालं तेव्हाचा. ट्रान्झॅक्शन म्हणजे ‘सगळं मिळून एक काम’ म्हणून बांधलेला हुकमांचा गठ्ठा. हा गठ्ठा दहा मिनिटं चालला तर दहाही मिनिटं ‘नाऊ’ हा हुकूम (करंट टाइमस्टॅम्पचंच दुसरं नाव) पहिल्या सेकंदाचीच वेळ सांगत राहतो. हे मुद्दाम तसं केलंय, एका गठ्ठ्यातल्या सगळ्या नोंदींवर एकच वेळ पडावी म्हणून. खरोखरचं घड्याळ हवं असेल तर ‘क्लॉक टाइमस्टॅम्प’ वेगळा आहे. सेशन संपतं का याची टेस्ट लिहिताना ‘दोन सेकंद थांब आणि पुन्हा तपास’ असं लिहून, सगळी टेस्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून, ती पास का होत नाही म्हणून डोकं खाजवत बसलेले लोक मी पाहिलेत. त्यात एकदा मीही होते.

मायएसक्यूएलचा ‘नाऊ’ मात्र प्रत्येक हुकूम सुरू झाला की नव्यानं घड्याळ पाहतो. स्पेलिंग तेच आणि वागणूक दुसरी.

## नावावर जाऊ नका

कॉलमच्या प्रकारांची नावं तर चक्क फसवी आहेत.

पोस्टग्रेसमध्ये ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ नावाचा प्रकार आहे. नाव ऐकून वाटतं की टाइमझोनही साठवला जात असेल. तसं नाही. आलेली वेळ यूटीसीत बदलून तेवढीच ठेवली जाते आणि टाइमझोन टाकून दिला जातो. वाचताना तुमच्या कनेक्शनच्या टाइमझोनमध्ये रूपांतर करून दाखवतात. नाव वाकडं असलं तरी वागणं सरळ आहे, इथे क्षण साठतो. त्याचा भाऊ ‘टाइमस्टॅम्प विदाउट टाइम झोन’ नुसता आकडा ठेवतो. त्याला तुम्ही ‘१०:१५, यूटीसीच्या साडेपाच तास पुढे’ असं व्यवस्थित लिहून दिलंत तरी तो शेवटचा भाग न बोलता गाळतो आणि १०:१५ ठेवून मोकळा होतो. एरर नाही, साधी सूचनाही नाही. आणि नुसतं ‘टाइमस्टॅम्प’ लिहिलं तर पोस्टग्रेस हाच दुसरा भाऊ देतो.

मायएसक्यूएलमध्ये नुसता ‘टाइमस्टॅम्प’ याच्या बरोबर उलट, तो क्षण ठेवतो. लिहिताना कनेक्शनच्या टाइमझोनमधून यूटीसीत नेतो, वाचताना परत आणतो. आकडा हवा असेल तर ‘डेटटाइम’. पोस्टग्रेसवरून मायएसक्यूएलवर (किंवा उलट) जाताना कुणी ‘नाव तेच आहे’ म्हणून कॉलम जसाच्या तसा ठेवला की अर्थ पालटलाच म्हणून समजा.

एसक्यूएल सर्व्हरनं तर कमालच केली आहे. तिथे ‘टाइमस्टॅम्प’ नावाच्या प्रकाराचा वेळेशी काडीचाही संबंध नाही. ओळ बदलली की वाढणारा तो एक क्रमांक आहे. त्याचं दुसरं नाव ‘रोव्हर्जन’, आणि तेच त्याला शोभतं.

मायएसक्यूएलची एक जुनी सवयही इथेच सांगते, कारण तिचा फटका सेशनच्या टेबलाला नेमका बसतो. ८.० च्या आधीच्या आवृत्त्यांत, मूळ सेटिंग तसंच ठेवलं आणि टेबलातल्या पहिल्या टाइमस्टॅम्प कॉलमला काही खास सांगितलं नाही, तर ती ओळ कुठल्याही कारणानं बदलली की तो कॉलम आपोआप ‘आत्ता’ होई. आता विचार करा, तो पहिला कॉलम ‘मुदत’ असेल तर? वापरकर्त्यानं सेशनमध्ये काहीही बदललं की मुदत आत्ताची, म्हणजे पुढच्याच क्षणी संपलेली. कोडमध्ये शोधून काही सापडत नाही, कारण कोडनं काही केलेलंच नसतं.

## कनेक्शनलाही टाइमझोन असतो

‘सेशन’ या शब्दाचे इथे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या पायात येतात. एक तुमचं लॉगिन सेशन. दुसरं डेटाबेसचं सेशन, म्हणजे ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यातलं चालू कनेक्शन. मी दुसऱ्याला कनेक्शनच म्हणते आहे. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि ओरॅकल या तिघांतही प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा टाइमझोन लावता येतो.

कनेक्शन उघडायला वेळ लागतो म्हणून ॲप्लिकेशन आधीच दहा-वीस कनेक्शनं उघडून ठेवतं आणि ज्याला लागेल त्याला वापरायला देतं. काम झालं की परत घेतं. याला पूल म्हणतात. भाड्यानं फिरणाऱ्या सायकलींसारखंच हे, आधीच्या माणसानं सीट वर करून ठेवली असेल तर पुढच्याचे पाय लोंबकळतात.

एखाद्या रिपोर्टच्या कोडनं सोयीसाठी कनेक्शनचा टाइमझोन स्थानिक केला आणि परत करताना पूर्ववत केला नाही. आता वीसांतल्या एका कनेक्शनचं घड्याळ वेगळं आहे. लॉगिनची तपासणी ज्याच्या नशिबी त्या कनेक्शनवर येईल तो बाहेर फेकला जाईल, बाकीचे एकोणीस मजेत. पान पुन्हा उघडलं की दुसरं कनेक्शन मिळतं आणि सगळं सुरळीत. सपोर्टवाला सांगतो, ‘रिफ्रेश करून बघा’, आणि खरंच चालतं! कधी येतो, कधी नाही, मुद्दाम घडवू म्हटलं तर घडत नाही, असा हा बग असतो. असलं काही दिसलं की मी आधी पूलमधल्या प्रत्येक कनेक्शनला त्याचा टाइमझोन विचारते. दोन ओळींचं काम आहे.

## रोज पहाटे साडेपाचला मरणारी सेशनं

एसक्यूलाइट हा फोन, ब्राउझर, लॅपटॉप सगळीकडे बसलेला छोटा, गुणी डेटाबेस. त्याच्याकडे तारीख-वेळेसाठी वेगळा प्रकारच नाही. मजकूर म्हणून ठेवा, पूर्णांक म्हणून ठेवा, दशांश म्हणून ठेवा, तुमची मर्जी. कॉलमला ‘डेटटाइम’ म्हटलं तरी तो नुसता ऐकून घेतो.

काही वर्षांपूर्वी एका टीममध्ये असताना आमच्या आतल्या वापराच्या एका छोट्या टूलमध्ये विचित्र प्रकार चालू होता. सेशनची मुदत अर्धा तास ठरवलेली. प्रत्यक्षात दिवसभर कुणाचंच सेशन संपत नसे आणि रोज पहाटे साडेपाचला सगळ्यांचं एकदम संपे. रात्री काम करणाऱ्या दोघांनी ते लक्षात आणून दिलं. आम्ही आधी पहाटे कुठलं स्क्रिप्ट चालतंय ते शोधलं. एकही चालत नव्हतं.

शेवटी टेबल उघडून ओळी नुसत्या डोळ्यांनी वाचल्या. मुदत लिहिलेली होती ‘२०२४-०३-१२टी०५:१५’ या थाटात, म्हणजे तारीख, मग रोमन लिपीतलं टी हे अक्षर, मग वेळ. जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा तारखेचा मजकूर प्रमाण पद्धतीनं असाच काढते. एसक्यूलाइटचं ‘करंट टाइमस्टॅम्प’ मात्र मधे टीऐवजी रिकामी जागा सोडतं. दोन्ही मजकूर असल्यामुळे तुलना शब्दकोशासारखी, अक्षरामागून अक्षर. तारीख सारखी, म्हणून पुढे. मग टी विरुद्ध रिकामी जागा. संगणकाच्या अक्षरक्रमात रिकामी जागा आधी येते, टी नंतर. निकाल तिथेच लागला, मुदत ‘आत्ता’पेक्षा मोठी. पुढचे तास-मिनिटं कुणी पाहिलेच नाहीत!

तारीख बदलली की मगच तुलनेत फरक पडे. ही तारीख यूटीसीतली. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आमच्या मशीनवर पहाटेचे साडेपाच. दुरुस्ती एका ओळीची होती, ती सापडायला अडीच दिवस गेले.

याचाच चुलतभाऊ म्हणजे कॉलममध्ये मजकूर आणि तुलनेला युनिक्स वेळेचा पूर्णांक. एसक्यूलाइटच्या नियमानं कुठलाही मजकूर कुठल्याही पूर्णांकापेक्षा मोठाच असतो. मग सेशन अमर. पोस्टग्रेस अशी तुलना करायला साफ नकार देतो आणि एरर फेकतो, त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. लॅपटॉपवर एसक्यूलाइट आणि खऱ्या सर्व्हरवर दुसरंच काही, अशी मांडणी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

## ‘सेकंदाच्या तुकड्यानं काय बिघडतं?’

बिघडतं. पासवर्ड बदलला की आधीची सगळी सेशनं रद्द करायची, हा चांगला नियम. तो अमलात आणायची एक पद्धत अशी, सेशन सुरू झाल्याची वेळ पासवर्ड बदलल्याच्या वेळेच्या आधीची असेल तर ते बाद.

आता मायएसक्यूएलचा डेटटाइम, मूळ स्वरूपात, सेकंदाचे तुकडे ठेवत नाही. तो ते कापतही नाही, जवळच्या पूर्ण सेकंदावर नेतो. पासवर्ड बदलला १०:१५:००.७ ला, कॉलममध्ये गेलं १०:१५:०१. नवं सेशन सुरू झालं १०:१५:००.९ ला, आणि समजा ते दुसऱ्या जागी पूर्ण अचूकतेनं ठेवलेलं आहे. नियम पाहतो, सेशन आधीचं, पासवर्ड नंतरचा, बाहेर काढा. माणसानं नुकताच पासवर्ड बदललाय आणि नव्या पासवर्डनं आत येताच त्याला हाकलून दिलं. त्याला वाटतं पासवर्ड बदललाच नाही, म्हणून तो परत बदलतो. कधी हे होतं, कधी नाही, कारण तुकडा अर्ध्या सेकंदाच्या अलीकडे पडला तर वेळ मागे सरकते आणि सगळं नीट चालतं.

एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम मिलिसेकंदाच्या शेवटच्या अंकाला ०, ३ किंवा ७ वरच बसवतो. पोस्टग्रेस मायक्रोसेकंदापर्यंत ठेवतो. ‘जी वेळ लिहिली तीच वाचली का’ असं बरोबरीच्या चिन्हानं तपासणारं कोड म्हणूनच एका डेटाबेसवर चालतं आणि दुसऱ्यावर पडतं.

## ‘मग सगळं यूटीसीत ठेवा, विषय संपला’

हा सल्ला सगळे देतात आणि सेशनपुरता तो बरोबरही आहे. पण ‘यूटीसीत ठेवा’ म्हणजे काय करा? पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं ‘यूटीसीनाऊ’ कित्येक वर्षं लोकांनी याच विश्वासानं वापरलं. ते वेळ यूटीसीतली देतं, पण ‘ही यूटीसी आहे’ असं लेबल लावत नाही. नुसता आकडा हाती येतो आणि पुढचा कुणीतरी त्याला स्थानिक वेळ समजतो. पायथनच्या ३.१२ आवृत्तीत ‘हे वापरणं सोडा’ अशी सूचना आली ती त्यामुळेच. मूल्य यूटीसीतलं आहे हे लिहिणाऱ्याला माहीत असून भागत नाही, वाचणाऱ्यालाही कळायला हवं.

स्थानिक वेळेत ठेवणं किती महागात पडतं हे पाहायचं तर जिथे वर्षातून दोनदा घड्याळं पुढे-मागे करतात तिथलं उदाहरण घ्या. शरद ऋतूतल्या एका रात्री दोन वाजता घड्याळ पुन्हा एकवर नेतात. पहिल्या फेरीत १:४५ ला लॉगिन केलं, मुदत लिहिली २:१५. पंधरा मिनिटांनी घड्याळ एकवर आलं. आता २:१५ वाजायला आणखी सव्वा तास. अर्ध्या तासाचं सेशन दीड तास चाललं. वसंतात घड्याळ दोनवरून थेट तीनवर उडी मारतं, तेव्हा तेच सेशन पंधरा मिनिटांत संपतं.

## ‘नुसता पूर्णांक ठेवला तर?’

युनिक्स वेळेचा पूर्णांक? ठेवा की. बरेच जण ठेवतात. लारावेल आणि स्प्रिंग सेशन ही वेबसाइट बांधायची तयार साधनं घ्या. लारावेलच्या सेशन टेबलात शेवटच्या हालचालीची वेळ पूर्णांकात असते, स्प्रिंग सेशनच्या टेबलात निर्मिती, शेवटची भेट आणि मुदत तिन्ही मोठ्या पूर्णांकात असतात. सगळ्या डेटाबेसवर सारखंच वागणारं काही हवं तर हेच. मलाही सेशनसाठी हेच आवडतं.

पण एकक सांभाळा. लारावेल सेकंद मोजतं, स्प्रिंग सेशन मिलिसेकंद, जावास्क्रिप्टही मिलिसेकंद. आपल्या उदाहरणातली मुदत सेकंदांत १७१०२२०५०० आहे. हाच आकडा कुणी मिलिसेकंद समजून वाचला तर येते २० जानेवारी १९७०, म्हणजे सेशन कधीच मेलेलं. उलट मिलिसेकंदांचा आकडा सेकंद समजून वाचला तर मुदत जाते छप्पन्न हजारांच्या पुढच्या सालात. कॉलमच्या नावातच एकक लिहा. नाव लांब होतं, होऊ दे.

दुसरी मर्यादा ३२ बिटांच्या, म्हणजे लहान मापाच्या, पूर्णांकाची. त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतो आणि तेवढे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसी ०३:१४:०७ ला पूर्ण होतात. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प प्रकारही याच क्षणी थांबतो. ‘२०३८ ला अजून वेळ आहे’ असं वाटत असेल तर ‘मला कायम लॉगिन ठेवा’ या खुणेमागचं कोड उघडून पाहा. तिथे कुणी मुदत म्हणून ‘आजपासून वीस वर्षं’ लिहिलं असेल तर ती रेषा आजच ओलांडली गेली आहे.

## ‘फ्रेमवर्क (वेबसाइटचा तयार सांगाडा) हे सगळं सांभाळतंच ना?’

बरंचसं सांभाळतं. पायथनमधल्या जँगो या फ्रेमवर्कचं टाइमझोनचं सेटिंग चालू असेल तर तो पोस्टग्रेसमध्ये क्षणाचा प्रकार वापरतो आणि इतर डेटाबेसांत यूटीसीचा नुसता आकडा ठेवतो. ५.० पासून हे सेटिंग मुळातच चालू असतं. सेशनची तपासणीही तो स्वतःच्या घड्याळानं करतो, डेटाबेसच्या नाही. दोन्ही दारांवर एकच घड्याळ, म्हणून तो सहसा फसत नाही.

पण टेबल फक्त फ्रेमवर्कच वापरतं असं कुठे असतं? रात्री जुनी सेशनं झाडणारं कुणाचं तरी स्क्रिप्ट थेट डेटाबेसशी बोलतं. रिपोर्टवाला थेट बोलतो. दुसऱ्या भाषेतली एखादी सेवा तेच टेबल वाचते. मायएसक्यूएलमधल्या त्या आकड्याला ‘मी यूटीसी आहे’ असं कुठेही लिहिलेलं नाही, ते फक्त जँगोला माहीत आहे. झाडू मारणाऱ्या स्क्रिप्टनं ‘नाऊ’शी तुलना केली आणि त्याचं कनेक्शन स्थानिक वेळेवर असेल, तर जिवंत सेशनंही कचऱ्यात जातील.

## तर मग काय करायचं

सगळ्यात आधी घड्याळ एक करा. मुदत लिहिणं आणि तपासणं ही दोन्ही कामं एकाच्याच घड्याळानं व्हावीत. डेटाबेसच्या करा किंवा ॲप्लिकेशनच्या, पण अर्धं-अर्धं नको. ॲप्लिकेशनची मशीन पाच-सात असतील आणि त्यातलं एखादं दोन मिनिटं मागे पडायची भीती असेल तर मी डेटाबेसचं घड्याळ निवडते.

शक्यतो कॉलम क्षणाचा निवडा. पोस्टग्रेसमध्ये टाइमझोनवाला टाइमस्टॅम्प. मायएसक्यूएलमध्ये मोठा पूर्णांक, नाहीतर सहा दशांश ठेवणारा डेटटाइम, पण मग प्रत्येक कनेक्शन उघडतानाच यूटीसीवर लावायचं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटटाइम२ आणि सोबत यूटीसी देणारा हुकूम. एसक्यूलाइटमध्ये सरळ पूर्णांक.

टेस्टच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे. टेस्ट चालवणाऱ्या मशीन बहुतेक वेळा यूटीसीवरच असतात, त्यामुळे वर सांगितलेल्या चुकांपैकी अर्ध्याअधिक तिथे दिसतच नाहीत. फरक शून्य, मग चूकही शून्य! म्हणून ॲप्लिकेशनला मुद्दाम काठमांडूचा टाइमझोन लावा. तो यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे आहे, त्यामुळे कुठेतरी ५:४५ चा फरक दिसला की चोर लगेच ओळखू येतो. आणि टेस्ट त्याच डेटाबेसवर चालवा जो खऱ्या कामाला आहे.

आधीच चुकीच्या लिहिल्या गेलेल्या ओळींचं काय, असा प्रश्न उरतो. ऑर्डर, पगार, हजेरी यांच्या टेबलात असा घोळ झाला असता तर कुठली ओळ कुठल्या घड्याळानं लिहिली हे उकरण्यात महिना गेला असता. सेशनचं टेबल त्या मानानं उदार आहे. सुधारणा चढवा, टेबल पूर्ण रिकामं करा. सगळ्यांना एकदा पुन्हा लॉगिन करावं लागेल, चार जण कुरकुर करतील. तेवढं कमी वर्दळीच्या वेळी करा, आणि ती वेळ ठरवताना ‘रात्री दोन’ एवढंच कळवू नका, कुठले दोन तेही लिहा.